माझ्या मुलीच्या अंगात आलेलं

दोंडाईच्यात एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे मी केसपेपर काढते आणि नंबर पुकारते. बरीच वर्षं झाली. कुठल्या आईचं मूल खरंच आजारी आहे आणि कुठली आई उगाच घाबरली आहे, हे मला ती दार ढकलून आत येते तेव्हाच कळतं, असा माझा समज होता. डॉक्टरांनाही तसं वाटायचं. गर्दी झाली की ते मलाच विचारायचे, "ताई, आधी कुणाला पाठवताय?" आणि मी जरा चढून जायचे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला काही समजत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझी मुलगी चौथीत असताना तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, दप्तर भरून झालं की. रविवारी दुखायचं नाही, म्हणून मी आधी हसण्यावारी नेलं. शाळा चुकवायचे हे धंदे आम्हीही केले होते. मग प्रश्न सुरू झाले. शाळेच्या रिक्षात बसवताना ती माझी ओढणी धरून ठेवायची. "आई, तू दवाखान्यातच असशील ना? फोन लागला नाही तर? येताना रस्त्यात तुला काही झालं तर मला कोण सांगेल?" सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाली की ती पहिल्यापासून पुन्हा विचारायची. रिक्षावाले भाऊ बिचारे हॉर्न न वाजवता थांबायचे. एकदा माझा संयम सुटला आणि मी तिच्या थोबाडीत दिली. ती रडली नाही. म्हणाली, "आई, तू अशी रागावून गेलीस आणि तुला काही झालं तर?"

शाळेत धडा मोठ्याने वाचायला सांगितला की तिचे हात थरथरायचे आणि तिला श्वास पुरायचा नाही. वर्गाच्या बाई म्हणाल्या, एकुलती एक आहे, लाडावून ठेवली आहे तुम्ही. मी घरी येऊन नवऱ्यावर डाफरले की लाड तुम्हीच करता. तो नरडाण्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा, आठवड्यातले तीन दिवस त्याला पोरगी झोपलेलीच दिसायची. तो बिचारा कसले लाड करणार होता.

आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, जंताचं औषध दिलं. रिपोर्ट नॉर्मल आले. त्या दिवशी दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "ताई, पोट नाही, ही भीती आहे. लहान मुलांनाही असते. यातला डॉक्टर बघायला हवा." त्यांनी धुळ्याच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. मी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि वरून चेन लावली.

तो दवाखाना मला माहीत होता. खाली वडापावचं दुकान, वर जिना, आणि जिन्यावर हा मोठा बोर्ड: मनोविकार, व्यसनमुक्ती, फिट्स. बसची वाट बघत आमच्या तालुक्यातलं कुणी ना कुणी त्या दुकानासमोर उभं असतंच. पोरीचा हात धरून मी तो जिना चढले तर संध्याकाळच्या आत बातमी घरी पोचली असती. पुढे हिचं लग्न कसं होणार, हा विचार माझ्या डोक्यात आला. दहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी करणारी बाई खरं तर वेडी म्हणायला हवी, पण आमच्याकडे तिला समजूतदार म्हणतात. मी समजूतदारपणा केला.

त्यातच श्रावण आला. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर कलश-नारळाची देवी मांडतात, आणि सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. पुढे बँड, मागे फुगड्या. त्या गर्दीत कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतं. त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तिच्या पायावर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, मनातलं काही असेल तर विचारून घ्यायचं आणि मिरवणूक पुढे न्यायची. आमच्या सासूबाईंच्या अंगात त्यांच्या तरुणपणी यायचं. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात, आणि त्या आवाजातला मान अजूनही त्या जुन्या दिवसांचाच आहे.

त्या सोमवारी मुलगी माझा हात धरून चालत होती. बँड आमच्या अगदी मागे होता. "आई, घरी जाऊ," ती म्हणाली. मी म्हटलं, चौकापर्यंत जाऊ आणि मागे फिरू. तिने पुन्हा तेच म्हटलं आणि मी पुन्हा तेच म्हटलं. चौकात रेटारेटी झाली, तिचा हात सुटला, आणि मला ती दिसली तेव्हा बायकांचं कडं तिच्याभोवती झालं होतं. ती मधोमध उभी होती. मुठी आवळलेल्या, सगळं अंग थरथरत, तोंड उघडं, श्वास घशात अडकून शिट्टीसारखा वाजत होता. शाळेच्या रिक्षापाशी मी हे रोज सकाळी बघायचे, फक्त इतकं कधी नाही.

"तिना आंगमा कानबाई उनी," कुणीतरी म्हणालं.

हां हां म्हणता ते सगळीकडे झालं. कुणी तांब्या आणला. अक्का गर्दीतून वाट काढत आल्या आणि वाकून आपल्या नातीचे पाय धुऊ लागल्या. तिच्या कपाळावर इतकं कुंकू लावलं की ते नाकावर सांडलं. ती डोळ्यांनी मला शोधत होती. सापडल्यावर तिचं तोंड हललं, पण बँडमुळे ऐकू येईना. मी कडं फोडून तिच्यापर्यंत गेले. तिने माझा खांदा धरला आणि कानाशी म्हणाली, "आई, माझ्या अंगात काही नाही आलं. मला भीती वाटतेय. तू सांग ना यांना."

मी सांगितलं नाही.

घाबरले होते म्हणून नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. वर्षभर मी वर्गाच्या बाईंपुढे, शेजारणींपुढे, जावेपुढे मान खाली घालून उभी होते. माझ्या पोरीचं काहीतरी बिघडलं आहे, हे मी तोंडाने कबूल करत नव्हते तरी सगळ्यांना दिसत होतं. आणि आता त्याच बायका तिच्यापुढे हात जोडून उभ्या होत्या. त्या थरथरीला एक नाव मिळालं होतं, आणि ते नाव चारचौघांत घेता येण्यासारखं होतं. मी तिचा हात माझ्या खांद्यावरून काढला, एक पाऊल मागे झाले आणि मीही हात जोडले. तिने ते पाहिलं.

ते पाहतानाचा तिचा चेहरा माझी पाठ सोडत नाही. दवाखान्यात एखादी आई मुलाचा हात इंजेक्शनसाठी नर्सच्या हाती देते, तेव्हा काही मुलं रडायचं सोडून आईकडे नुसती बघतात. मी तेव्हा मान वळवते. आता मला ते बघवत नाही.

नंतरचं वर्ष वरवर बघता चांगलं गेलं. वर्गाच्या बाई बोलायच्या बंद झाल्या. पोट दुखतं म्हणून ती घरी राहिली तर अक्का म्हणायच्या, राहू दे, देवीची मर्जी. मंगळवारी गल्लीतल्या दोन-चार बायका यायच्या. तिला पाटावर बसवायच्या, ओटीत नारळ ठेवायच्या आणि विचारायच्या. पोराला नोकरी लागेल का, सुनेला दिवस जातील का. मी स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकायचे. सुरुवातीला ती गप्प बसायची. मग तिने एक शब्द शोधून काढला, "होईल." मी एकदा विचारलं तर म्हणाली, "होईल म्हटलं की त्या लवकर जातात." मला हसू आलं होतं. तेही मला विसरता येत नाही.

मागच्या गल्लीतल्या एका बाईची आई धुळ्याला दवाखान्यात होती. तिने विचारलं, माय बरी होईल का? मुलगी म्हणाली, "होईल." म्हातारी आठवडाभरात गेली. दिवसकार्य उरकल्यावर ती बाई आमच्याकडे आली. तक्रार करायला नाही, चांगली होती बिचारी. तिने मुलीच्या हातात ब्लाऊजपीस ठेवला, पाया पडली आणि म्हणाली, "देवीना मनमा नव्हतं." मुलीने तो दोन्ही हातांनी घेतला. रात्री ती जेवली नाही. सकाळी वेणी घालताना आरशात माझ्याकडे बघत तिने विचारलं, "मी खोटं बोलले म्हणून ती आजी मेली का?"

मी म्हटलं, नाही गं बाळा, तसं काही नसतं.

"तुला कसं माहीत?" ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलायची थांबली. अगदी मुकी झाली असं नाही. हो, नाही, पाणी, एवढं बोलायची. तोंडातून एखादा शब्द निसटला की तळहाताने ओठ दाबून धरायची. बोललं की कुणीतरी मरतं, असं तिला वाटत होतं, आणि मी तिला काहीही सांगितलं तरी ती ते मानणार नव्हती. माझ्या शब्दावर तिने विश्वास का ठेवावा?

तेव्हा मी पर्सची चेन उघडली आणि चिठ्ठी काढली.

रजा टाकून तिला धुळ्याला नेलं. जिना चढताना मी पदर डोक्यावर ओढून घेतला होता, जसं काही त्याने कुणी ओळखणार नव्हतं. वर बाकावर आमच्याच गावची एक किराणा दुकानवाली मारवाडी वहिनी बसली होती. मला बघून ती दचकली, तिला बघून मी. "तुम्ही कुणासाठी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "माझ्यासाठी. झोप येत नाही हल्ली." मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. केसपेपरवर मी माझंच नाव सांगितलं. दुसऱ्यांच्या मुलांची नावं रोज खणखणीत आवाजात पुकारणारी मी, माझ्या मुलीचं नाव त्या खिडकीत सांगू शकले नाही. आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगावं लागलं. ते भले होते, रागावले नाहीत. म्हणाले, एवढ्या लहान मुलांचं मी बघत नाही, उगाच गोळ्या देणं बरोबर नाही. जळगावला एका ठिकाणी मुलांसाठी समुपदेशक येतात, महिन्यातून एका शनिवारी. तिथे जा.

त्या शनिवारी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. मुलगी खिडकीशी बसून तळहात ओठांवर धरून होती. तिथे शिपाई म्हणाला, मॅडम नाशिकहून येतात, आज आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात बघा. पुढच्या महिन्यात मॅडमनी काम सोडलं होतं आणि नवीन कोण येणार ते शिपायालाही माहीत नव्हतं. सरकारी दवाखान्यात विचारलं, तिथे ती जागा रिकामी होती. जिच्यावर कुणी नव्हतं त्या खुर्चीसमोर आणखी तीन आया मुलं घेऊन बसल्या होत्या, कारण त्यांनाही आजच यायला सांगितलं होतं. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. प्रत्येकीने आपलं मूल आपल्या अंगाआड घेतलं होतं. मी नाशिकला अशाच मुलांच्या एका दवाखान्यात फोन लावला, तर तिकडे अडीच महिन्यांनंतरची वेळ मिळाली. नवरा म्हणाला, रजा मिळायची नाही, त्यापेक्षा शाळा बदलून बघू. मी त्याला नको ते बोलले. त्याने ऐकून घेतलं, कारण त्यालाही दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि घरी अक्का. "डाक्टरकडे कसाले लई जास? ती देवी शे, रोग नही शे. कानबाई रागे भरी." मी उलट बोलायचे नाही. देवी मान्य करून बसल्यावर आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते? मी तिला दवाखान्यात नेते म्हणजे मिरवणुकीत हात जोडले ते खोटे, असा त्याचा अर्थ होत होता. आणि तो खराच होता.

पुन्हा श्रावण जवळ आला. एका दुपारी घरात आम्ही तिघीच होतो. गल्लीतून दोघी-तिघी आल्या, यंदा मिरवणुकीत पोरीला पुढे चालवायचं असं ठरवायला. मुलगी ओट्याशी उभी होती. ते ऐकून तिचे हात थरथरायला लागले आणि हातातलं ताट पडलं. बायकांनी लगेच हात जोडले. मी दारात होते. पुन्हा तीच वेळ आली होती, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडातून तेव्हाही शब्द फुटला नाही.

अक्का उठल्या. त्यांनी बायकांना म्हटलं, "जा माय, आज नही." दार लावून घेतलं, नातीजवळ जमिनीवर बसल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर दाबून धरले. थरथर थांबायला बराच वेळ लागला. मग माझ्याकडे न बघता त्या बोलल्या. "मना आंगमा बी काही येत नव्हतं. भ्याव लागे. पन आंगमा उनं का मंग घरमा कोनी हात उगारे नही."

इतकंच. पुढे त्या याबद्दल कधी बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. त्यांच्या पायावर पाणी घातलेलं बघितलेल्या बायका गल्लीत अजून आहेत. त्या रात्री माझ्या मनात एकच येत होतं, की ही बाई पंचेचाळीस-पन्नास वर्षं हे गिळून बसली होती आणि मी तिच्याच नातीला त्याच पाटावर बसवलं.

नाशिकची वेळ यायच्या आधीच आमच्या डॉक्टरांनी खबर काढली, की धुळ्याला एक तरुण डॉक्टरीण आली आहे, मुलांचंच बघते, गुरुवारी. मी गेले. खिडकीत मुलीचं नाव सांगितलं, मोठ्याने. नवऱ्याने रजा घेतली होती, तो खाली उन्हात गाडीपाशी थांबला. अक्कांनी निघताना मुलीच्या हातावर साखर ठेवली होती.

डॉक्टरीण अगदी पोरसवदा दिसत होती. तिने मुलीला विचारलं, "तुला काय होतं?" मुलीने माझ्याकडे बघितलं. आणि मी सुरू झाले. पोट, शाळा, प्रश्न, श्वास. सगळं बिनचूक सांगितलं, केसपेपर लिहावा तसं. कानबाईचं सांगितलं नाही. ती बोलत नाही, असं सांगितलं, का बोलत नाही ते टाळलं. डॉक्टरीण माझं ऐकत होती, पण बघत मुलीकडे होती. माझं संपल्यावर मुलीने तळहात ओठांवरून काढला.

"आई बाहेर बसली तर चालेल का?" ती म्हणाली.

मी बाहेर बसले. दार लावलेलं होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तिचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हते. कित्येक महिने पाणी मागण्यापलीकडे जी काही बोलली नव्हती ती पोर आत एका अनोळखी बाईशी सलग बोलत होती. मी भिंतीला डोकं टेकून रडले. शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली, होईल सगळं ठीक. मला त्या शब्दाने धडकी भरली.

ती आता चौदा वर्षांची आहे. मध्ये बरेच गुरुवार गेले. शाळेत जाते, वाचायला सांगितलं तर वाचते. घरी कुणी नारळ घेऊन येत नाही. अक्कांनीच बायकांना काय सांगायचं ते सांगितलं, मला विचारलं नाही. भीती अजून येते. ती आली की मुलगी आतल्या खोलीत जाते, कधी डॉक्टरिणीला फोन लावते, कधी अक्कांच्या मांडीवर हात ठेवून बसते. माझ्याकडे येत नाही. मी स्वयंपाकघरात असते, मला कळतं, आणि मी भाजी चिरत राहते.

परवा न राहवून विचारलं. ती बाहेर येऊन केस बांधत होती. म्हटलं, "एवढं होतं तुला, तर मला का सांगत नाहीस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पुस्तक कुठे ठेवलंय ते सांगावं तसं तिने सांगितलं.

"तुला सांगितलं होतं, आई."